बैलाचे दात मोजतो, होडीचा मात्र रंग बघतो



आंब्याचे पैसे हातात आले की आमच्या खाडीकाठच्या गावांत दरवर्षी दोन-चार जणांच्या डोक्यात होडी शिरते. नवी परवडत नाही, मग जुनी. तेवढ्यात कुणीतरी सांगतं, "अमक्या बंदरात एक आहे, एकदम टकाटक, मालकाला पैशाची नड आहे म्हणून काढतोय." दोघं जातात, ताजा रंग बघतात, इंजिनाचा आवाज ऐकतात, चहा पितात आणि इसार देऊन येतात. ही खरेदी नाही, हा जुगार आहे.

मी शहाणपणा शिकवत नाहीय. तीन वर्षांपूर्वी मी आणि माझा मामेभाऊ हेच करून बसलो. २८ फुटी लाकडी होडी, वरून फायबर मारलेलं, २ लाख ६० हजार. "आत सागवान आहे, मरत नाही," ऐकलं आणि मान डोलावली. दुसऱ्याच महिन्यात खाडीच्या मुखाबाहेर तळात पाणी चढायला लागलं. होडीत चौघं होतो. दोघं डब्याने उपसत होतो. किनाऱ्याला लागलो ते नशीब. सुताराने मागचं फायबर कापून पठाणाजवळच्या फळीत स्क्रू ड्रायव्हर टोचला, तो मुठीपर्यंत आत गेला. लाकूड कुठलं, भुसा होता नुसता.

फायबरच्या आत पाणी शिरलं की ते बाहेर पडत नाही, लाकूड आतल्या आत कुजतं. वरून मात्र चकचकीत.

विकणाऱ्याला शिव्या घालून झाल्या. पण खरं सांगतो, जास्त चूक आमची. बैल घेताना आपण दात बघतो, चालवून बघतो, औताला जुंपून बघतो. जमीन घेताना सातबाऱ्यावरचा बोजा शोधतो, फेरफार काढतो. आणि ज्या वस्तूवर चार माणसांचा जीव टाकायचा, ती रंग बघून घेतो! वर त्याला नाव देतो 'विश्वास'. हा विश्वास नाही, आळस आहे.

सध्या १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी आहे, होड्या वर ओढलेल्या आहेत. बघायची वेळ हीच. नारळी पौर्णिमेआधी रंग चढला की सगळ्याच होड्या नव्या दिसतात. तर हे कराच:

१) आपला सुतार आपण न्या, मालकाने सुचवलेला नको. पठाण, नाळ, खिळ्यांच्या आजूबाजूची जागा आणि आतल्या बरगड्यांचे बुडखे टोचून बघा. गोडं पाणी साचतं तिथं कुज आधी लागते. बारीक भोकं दिसली तर समुद्री किड्याची शंका घ्या. बाहेर भोक छोटं, आत बोगदा मोठा.

२) होडी सगळी फायबरची असेल तर छोट्या हातोडीने ठोकत जा. टणटणीत आवाज ठीक. भद्द आवाज आला तर तिथं थर सुटलेत. मशीन लटकतं ती मागची फळी हलवून बघा, आतलं प्लायवूड कुजलेलं असू शकतं.

३) इंजिन थंड असताना चालू करायला सांगा. आपण पोचायच्या आधी तापवून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी जा. तेलाची पट्टी काढा. तेल दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय. निळा धूर थांबत नसेल तर ते तेल जाळतंय. पंखा हाताने हलवून शाफ्टचा खेळ बघा.

४) कागद. नोंदणी आणि मासेमारी परवाना या वेगळ्या गोष्टी, दोन्ही बघा. इंजिनावरचा नंबर कागदाशी जुळतो का? सोसायटीचं किंवा बँकेचं कर्ज थकलंय का? होडी नावावर झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

५) पावसात समुद्रावर चाचणी होत नाही, म्हणून आता फक्त इसार द्या, तोही कागदावर, "पाण्यातली चाचणी पटली तर" या अटीवर. ऑगस्टात दोन तास लोड टाकून चालवा. निघताना तळ कोरडा करा, परतल्यावर किती पाणी आलं ते बघा. होडी खरं बोलते ती तेव्हाच.

आता लोक म्हणतील, "एवढं खोदून विचारलं तर मालकाला राग येतो." येऊ दे. ज्याचा माल चोख, तो स्वतः हातोडी आणून देतो. टोचू देत नाही, पाण्यात घालू देत नाही, आणि "दुसरं गिऱ्हाईक उभं आहे" म्हणतो, त्याला हात जोडा आणि एसटी पकडा.

दुसरं ऐकू येतं, "सुतार, मेकॅनिक न्यायचे तर हजार-दोन हजार जातात." आमचे दुरुस्तीला १ लाख १० हजार गेले. त्यासाठी घरातलं सोनं सोसायटीत ठेवलं, त्यातल्या दोन बांगड्या अजून तिथंच आहेत. बायको काही बोलत नाही, तेच जास्त लागतं.

जुनी होडी वाईट नसते. माझीच, पाच फळ्या बदलल्यावर, आज नीट चालते. पण दुरुस्तीचा हिशोब भाव ठरवताना मांडायचा असतो, बुडताना नाही.

यंदा गावातला कुणी जुनी होडी बघायला निघाला असेल तर आधी मला फोन करा. मी येतो, स्क्रू ड्रायव्हर घेऊन.