रंग उडत नाही, जागा बदलतो

सुरक्षा दलांच्या भरतीचे दिवस आले की ‘एका सिटिंगमध्ये टॅटू गायब’ अशा जाहिराती मोबाइलवर फिरू लागतात. या आठवड्यातही फिरल्या. राग येतो तो हा दावा भिवंडीत खपतो याचा. ज्या शहराचं पोट कापडावर चालतं, तिथल्या पोरांना तरी चढलेला रंग उतरवणं म्हणजे काय हे कुणी समजावून सांगायला हवं होतं.

सुती कापडावर रिअ‍ॅक्टिव्ह रंग चढला की तो धाग्याशी रासायनिक बंधाने जोडला जातो. शेड चुकली, लॉट बिघडला, तर तो माल कॉस्टिक आणि हायड्रो या रसायनांच्या गरम पाण्यातून काढतात. तरीही ग्रे कापडाचं कोरेपण परत येत नाही, म्हणून बहुतेक वेळा त्यावर आणखी गडद रंग मारून माल वाचवतात. डाईंगवाला आधी एक तुकडा उतरवून बघतो, मगच व्यापाऱ्याला शब्द देतो. कातडीचं काम याहून अवघड आहे, कारण तिथे धुवायची सोयच नाही. शाई वरच्या थरात नसते. ती खालच्या थरातल्या भक्षक पेशींच्या पोटात अडकलेली असते. १९८३ साली अँडरसन आणि पॅरिश या संशोधकांनी मांडलेल्या तत्त्वावर आजचे लेसर चालतात: रंग शोषून घेईल अशा तरंगलांबीचा प्रकाश इतक्या थोड्या वेळासाठी सोडायचा, की रंगाचा कण फुटावा पण आजूबाजूची त्वचा भाजू नये. लेसरचं काम इथेच संपतं. फुटलेला चुरा उचलून लसिकावाहिन्यांतून न्यायचं काम शरीर करतं, आणि ते आपल्या गतीने करतं. फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांवर दाखवून दिलं की शाई धरून बसलेली पेशी मेली, तरी तिच्या जागी आलेली नवी पेशी तीच शाई पुन्हा गिळते. वाहून गेलेली शाईसुद्धा नाहीशी होत नाही. तिचा काही भाग लसिकाग्रंथींत जाऊन बसतो. भिवंडीच्या कामवारी नदीबद्दल या स्तंभात जे पुन्हा पुन्हा लिहिलं, तेच इथे लिहावं लागतं आहे: कापडातून उतरलेला रंग कुठेतरी जातोच. नदीचं पाणी पाहूनही आपण ते शिकलो नाही.

आता हिशेब करा. लेसरच्या दोन बैठकांमध्ये किमान सहा आठवडे आणि बैठका आठ धरल्या, तरी दहा महिने गेले. भरतीची जाहिरात आल्यावर दवाखाना शोधणाऱ्या मुलाकडे तेवढा वेळ नसतो. घाई केली तर भाजतं, व्रण उठतो. आपल्या सावळ्या त्वचेत मेलॅनिन जास्त; लाल शाईसाठी वापरायचा ५३२ नॅनोमीटरचा प्रकाश तेही शोषून घेतं आणि पांढरे किंवा काळे डाग राहू शकतात. काळी शाई त्यातल्या त्यात लवकर फिकी होते. हिरवी आणि पिवळी दमवते. पिकोसेकंद लेसर आले, आता सगळं झटपट होतं, असं म्हणणारे भेटतील. त्या यंत्रांनी कण अधिक बारीक होतात आणि बैठका कमी लागू शकतात, हे खरं. पण चुरा उचलणारं शरीर तेच आहे, आणि वेळ त्याच्याच हातात आहे.

मग डाईंगवाल्यासारखा वरून गडद नक्षीचा थर का देऊ नये? कारण केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या नियमात टॅटू डाव्या, म्हणजे सलाम न करणाऱ्या हाताच्या आतल्या बाजूला किंवा पंजाच्या पाठीवर चालतो, आणि तोही त्या भागाच्या एक चतुर्थांशाहून लहान असेल तरच. झाकायला गेलं की तो वाढतो.

‘चूक मुलांची, त्यांनीच भोगावी’ हा आक्षेप मला मान्य नाही. ठाणे जिल्ह्यातल्या कित्येक घरांत गोंदण लहानपणीच, जत्रेत, आईच्या मांडीवर होत आलं आहे. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आलेलं प्रकरण सोलापूरच्या, म्हणजे आपल्यासारख्याच मागांच्या शहरातल्या तरुणाचं होतं. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलात चालकाच्या जागेसाठी तो हातावरच्या धार्मिक चिन्हामुळे अपात्र ठरला, तेव्हा बहुतेक गोंदण त्याने काढूनही टाकलं होतं. न्यायालयाने त्याची बाजू घेतली. पण प्रत्येकाने न्यायालयात जायचं का? काढायला सुरुवात केलेलं गोंदण आणि डॉक्टरांचा लेखी दाखला भरती मंडळांनी ग्राह्य धरावा, आणि उरलेल्या बैठकांसाठी मुदत द्यावी. लेसर चालवणाऱ्यांनी पैसे घेण्याआधी एका कोपऱ्यात चाचणी घेऊन किती बैठका लागतील आणि काय उरेल, हे कागदावर द्यावं. डाईंगवाला तुकडा उतरवून बघतो, तसंच. तो कागद न देणाऱ्याकडे भिवंडीच्या एकाही पोराने हात पुढे करू नये.