होडीवरचा संसार



संसार म्हटला की घर, अंगण, गोठा आपल्या डोळ्यांपुढे येतो. पण शिडाच्या होडीतही सुखाचा संसार होतो. कॅनडाचे लॅरी पार्डी आणि त्यांच्या अमेरिकन पत्नी लिन यांनी तो केला. लॅरींनी स्वतः बांधलेली ‘सेराफिन’ १९६८ साली कॅलिफोर्नियात पाण्यात उतरली. लांबी अवघी २४ फूट ४ इंच. इंजिन नाही, उजेडाला रॉकेलचे दिवे. तिच्यातून दोघांनी अकरा वर्षे जग पालथे घातले.

पैसा कुठला? बंदरात मुक्काम पडला की लॅरी इतरांच्या होड्या दुरुस्त करीत, लिन प्रवासावर लिहीत. गरजा मोजक्या, म्हणून कमाई पुरे.

भर समुद्रात दुकान नाही, शेजारी नाही. गोडे पाणी मापून वापरायचे. एक झोपला की दुसऱ्याने पहारा द्यायचा. एक आजारी पडला, तर दुसऱ्याला एकट्याने होडी बंदराला लावता आलीच पाहिजे. तिथे बायकोची कामे वेगळी आणि नवऱ्याची वेगळी, हे चालत नाही.

आता आपल्या घराकडे पाहा. कारभारी अंथरुणाला खिळले, तर विहिरीवरची मोटार कशी सुरू करायची, सोसायटीचा हप्ता कधी भरायचा, सातबारा कुठे ठेवलाय, हे घरधनिणीला ठाऊक आहे का? आणि ती आजारी पडली, तर भाकरी कोण थापील, धार कोण काढील?

या आठवड्यात दोघांनी निवांत बसा आणि एकमेकांचे एकेक काम शिकून घ्या. वादळ काही सांगून येत नाही.