अदृश्य खूण शेतकऱ्यास दिसली पाहिजे

मृग नक्षत्र तोंडावर आले की घरोघरी बियाण्याच्या पिशव्या येऊ लागतात. पिशवीवर उत्पादकाचे नाव असते, चित्र असते, लॉट क्रमांकही असतो. हे सर्व नकली माल विकणाराही हुबेहूब छापून घेऊ शकतो. पेरणीनंतर तासे रिकामी दिसू लागली म्हणजे फसवणूक ध्यानात येते; परंतु तोवर पैसा, मजुरी व वापसा ही तिन्ही गेलेली असतात. पैशाची भरपाई कदाचित मिळेल, गेलेला वापसा परत मिळत नाही.

यावर एक उपाय म्हणून पिशवीवर अदृश्य शाईची खूण करता येते. या शाईतील द्रव्य अतिनील किरण शोषून घेते व त्याच्या बदली डोळ्यांना दिसणारा प्रकाश देते. म्हणून उजेडात कोरी वाटणारी जागा अतिनील दिव्याखाली लाल अथवा हिरवी चमकू लागते. भारतीय चलनी नोटांवरील क्रमांकही अशा दिव्याखाली चमकतात. ही शाई इंकजेट यंत्राने छापता येते. हे यंत्र पिशवीला स्पर्श न करता बारीक छिद्रांतून शाईचे थेंब नेमक्या जागी सोडते. त्यास ठसा लागत नाही. त्यामुळे प्रत्येक पिशवीवर निराळा क्रमांक घालता येतो. खरे बळ यातच आहे. सर्व पिशव्यांवर एकच खूण असेल तर तिची नक्कल होऊ शकते. परंतु प्रत्येक क्रमांकाची नोंद असेल, तर एकच क्रमांक दोन ठिकाणी आढळताच लबाडी उघडी पडते.

तथापि या खुणेच्या मर्यादाही जाणल्या पाहिजेत. उन्हात पडलेल्या पिशवीवरील शाई फिकी पडू शकते. पांढराशुभ्र कागद व साबणाच्या पावडरीने धुतलेले धोतरही या दिव्याखाली निळसर चमकते. म्हणून नुसती निळी चमक हा अस्सलपणाचा पुरावा नव्हे. शिवाय खूण साक्ष देते ती पिशवीची, आतील बियाण्याची नव्हे. खरी पिशवी रिकामी करून तीत बाजारातील धान्य भरले, तरी खूण तशीच चमकेल.

सर्वांत मोठा दोष निराळाच आहे. जो पैसे मोजतो, त्यालाच ही खूण दिसत नाही. केवळ उत्पादकाला व निरीक्षकाला वाचता येणारी खूण शेतकऱ्याचे रक्षण उशिराच करणार. म्हणून अशी खूण करावयाची असेल, तर पेरणीच्या हंगामात प्रत्येक विक्री केंद्रावर व पंचायत समितीत हातात मावणारा अतिनील दिवा ठेवला जावा, आणि कोणता रंग कोठे दिसला पाहिजे हे तेथे मराठीत लिहून लावले जावे. निरीक्षकासाठी दुसरी गुप्त खूण राखून ठेवण्यास हरकत नाही. दिव्याचा झोत मात्र कोणाच्याही डोळ्यांवर पडू देऊ नये.

तोवर ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी दिसणाऱ्या खुणांवर भर द्यावा. प्रमाणित बियाण्यास निळा टॅग असतो व सत्यतादर्शक बियाण्यास हिरवा. लॉट क्रमांक लिहिलेली पक्की पावती घ्यावी. पिशवी खालच्या बाजूने उघडावी, म्हणजे वरील टॅग व शिलाई शाबूत राहते. पिशवी, टॅग, पावती व मूठभर बियाणे पीक हाती येईपर्यंत जपावे. पेरणीपूर्वी शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण पाहावी. सोयाबीनचे किमान ७० दाणे उगवले पाहिजेत. शंका आल्यास १९६६ च्या बियाणे अधिनियमान्वये नमुना घेण्याचा अधिकार असलेल्या बियाणे निरीक्षकास त्वरित कळवावे.

हंगाम संपल्यावर रिकामी पिशवी भंगारात न देता फाडून टाकावी. शाई कितीही गुप्त असली, तरी अखंड पिशवी भामट्याच्या हाती गेली तर ती त्याचेच काम करील.