चौकशी पुरे, डाव मांडा

मंठा, परतूर, घनसावंगीकडची पोरं पुण्याला नाहीतर वाळूजला कामाला लागली, की घरी उरतात म्हातारी माणसं आणि मुलाने घेऊन दिलेला स्मार्टफोन. रात्री आठला तो वाजतो. जेवलात का? गोळ्या घेतल्या का? पाऊस झाला का? तीन प्रश्न, तीन हुंकार आणि ‘बरं, ठेवू?’ मुलाची माया खरी असते, पण रोजच्या चौकशीने सोबत होत नाही.

यावरचा एक स्वस्त इलाज २०२०च्या लॉकडाऊनने शिकवला होता. नवी मुंबईच्या कंपनीचा ‘लुडो किंग’ हा मोबाइलवरचा खेळ तेव्हा घरोघरी शिरला. नातेवाइकांनी एकमेकांना डावात शिरायचा कोड धाडून पट मांडले. लुडो म्हणजे आपल्याच पचिशीची इंग्रजांनी केलेली सुटसुटीत आवृत्ती. कवड्या घोळवलेल्या आजीला सोंगटी मारायला कोणी शिकवावं लागत नाही. अडतं ते बोटांपाशी. रेशनच्या मशीनवर जिचा अंगठा उमटत नाही, तिची खुरप्याने घासलेली बोटं काचेवर नुसतीच फिरतात आणि पाळी निघून जाते. पलीकडून नातू ओरडतो, ‘आजी, हलकं टेकव!’ दोन-चार डावांनी हात बसतो आणि मग तीच आजी नातवाची घराच्या तोंडाशी आलेली सोंगटी मारते, वर त्याला चिडवतेही. तेवढ्या वेळापुरती तिची कोणी काळजी करत नसतं, तिची धास्ती घेत असतं. ‘गुड मॉर्निंग’चं गुलाब पाठवून मोकळं होता येतं, डावात मात्र समोरच्याची वाट पाहावीच लागते.

हे म्हातारपणीचे लाड समजू नयेत. जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२५च्या अहवालात म्हटलं आहे, की जगात दर सहा माणसांमागे एक जण एकाकी आहे आणि एकाकीपणाशी निगडित मृत्यू वर्षाला ८ लाख ७१ हजारांवर जातात.

मोबाइलवरचा खेळ म्हटला, की लोकांना रमीत बुडालेले पैसे आठवतात. ही भीती रास्तच आहे. म्हणून तर ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. बिनपैशाच्या खेळांना त्याच कायद्याने वाट मोकळी ठेवली आहे. तेव्हा पैसा, ओटीपी आणि अनोळखी खेळाडू या तिघांना पटावर घ्यायचं नाही. फसवणूक झालीच, तर लगेच सायबर हेल्पलाइनचा १९३० फिरवायचा.

‘त्यापेक्षा पारावर जाऊन बसावं,’ असं कोणी म्हणेल. ज्याचे गुडघे साथ देतात त्याने जरूर बसावं. पण पारावर बायकांना जागा होती कधी? आणि अंथरुणाला खिळलेल्याने पार गाठायचा कसा?

जालना, अंबड, भोकरदनच्या ज्येष्ठ नागरिक संघांनी आठवड्यातली एक संध्याकाळ शाळकरी मुलांना बोलावून हे खेळ शिकून घ्यावेत. त्याला ना अनुदान लागतं, ना उद्घाटनाला पाहुणा. आणि परगावच्या मुलांनो, आज आठला फोन कराल तेव्हा चौकशी आवरती घ्या आणि कोड पाठवा. फक्त मुद्दाम हरू नका. म्हाताऱ्यांना ते बरोबर कळतं.