रियूजेबल म्हणे!

मंडळी, गेले दोन वीकेंड इथे शुकशुकाट होता. कारण सांगण्यासारखं आहे, म्हणून आज तेच लिहितोय. पोस्ट जरा तिखट आहे, आधीच सांगून ठेवतो.

आमच्या धंद्यात 'रियूजेबल' हा शब्द देव्हाऱ्यात बसलाय. कोणी नुसतं एक बटण बनवलं तरी डेमोला सांगणार, "हा कंपोनंट कुठेही वापरता येईल!" टाळ्या. मीही घेतल्यात. दीड वर्षापूर्वी मी तारीख निवडायचा एक कंपोनंट लिहिला. आधी त्याला चार प्रॉप होते. मग कोणाला वेळ हवी, कोणाला रविवार बंद हवा, कोणाला फक्त महिना हवा. प्रॉप झाले तेवीस, आणि अप्रेझलमध्ये माझं कौतुक.

आता पुढचं ऐका. टीममध्ये एक नवीन पोरगा आलाय, कॉलेजातून थेट. जन्मतारखेच्या रकान्यात लोक उद्याची तारीख टाकतात असा बग त्याच्याकडे आला. त्याने कंपोनंट उघडला आणि एक डीफॉल्ट बदलून पुढच्या तारखा बंद केल्या. एक ओळ. टेस्ट हिरव्या, रिव्ह्यू झाला, शुक्रवारी संध्याकाळी रिलीज. तोच कंपोनंट एका हॉस्पिटलच्या अपॉइंटमेंटच्या पानावर होता. शनिवार-रविवार तिथे पुढची एकही तारीख निवडता येईना! सोमवारच्या तक्रारींत एक गृहस्थ होते. अपॉइंटमेंट मिळेना म्हणून आईला घेऊन पहाटेच्या एसटीने येऊन ते ओपीडीच्या रांगेत बसले होते.

मीटिंगमध्ये बोलणी खाल्ली त्या पोराने. कंपोनंट माझा होता. त्या दिवशी मी गप्प बसलो, ते आजही टोचतंय.

म्हणून आता बोलतो. चूक त्या एका ओळीची नव्हती. जन्मतारीख आणि अपॉइंटमेंट या दोन गोष्टी दिसायला सारख्या, पण त्यांचे नियम वेगळे, बदलायची कारणंही वेगळी. मी त्यांना एकाच दाव्याला बांधलं, कारण दोन्हीकडे कॅलेंडर दिसत होतं.

लोक लगेच 'ड्राय'चा दाखला देतात, म्हणजे स्वतःची पुनरावृत्ती करू नका. हे तत्त्व 'द प्रॅग्मॅटिक प्रोग्रामर' या १९९९ च्या पुस्तकातलं. पण लेखकांचा रोख कोडच्या सारख्या दिसणाऱ्या ओळींवर नव्हताच, ज्ञानाच्या पुनरावृत्तीवर होता. २०१९ च्या आवृत्तीत त्यांनी ते मुद्दाम स्पष्टही केलं. पण पुस्तक वाचतो कोण? घोषणा पुरते!

हूक्सचंही तेच. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिअ‍ॅक्ट १६.८ बरोबर हूक्स आले. गोष्ट चांगलीच होती. क्लासच्या चार मेथडमध्ये विखुरलेलं लॉजिक एका फंक्शनमध्ये आणता आलं. मग आम्ही काय केलं? डेटा आणणारा एकच 'युनिव्हर्सल' हूक लिहिला. त्यात कॅशे, रीट्राय, पोलिंग, सगळं. रिअ‍ॅक्ट हूक्सची ओळख ठेवतो ती हाक मारण्याच्या क्रमावरून, त्यामुळे आतला हूक 'इफ'मध्ये घालता येत नाही. म्हणजे ज्याला नुसती शहरांची यादी हवी, त्याच्या पानावरही पोलिंगचा हूक दर रेंडरला हजेरी लावतोच. शेजाऱ्याच्या लग्नाचा मांडव आपल्या दारात!

"मग काय कॉपी-पेस्ट करायचं?" हो, दोनदा करा. तिसऱ्यांदा थांबून विचार करा. हा 'तीनचा नियम' माझा नाही, मार्टिन फाउलरच्या १९९९ च्या 'रीफॅक्टरिंग'मध्ये आहे. कॉपी-पेस्टने एकच बग दोन ठिकाणी राहतो, हे मान्य. पण तो शोधून दोनदा दुरुस्त करता येतो. तेवीस प्रॉपच्या कंपोनंटमध्ये मात्र कशाला हात लावला की काय पडेल, हे लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही.

खरा रियूजेबल कंपोनंट बघायचाय? स्वयंपाकघरातली सांडशी बघा. पातेल्यात दूध आहे की आमटी, याच्याशी तिला देणंघेणं नाही. तिचं काम एकच, गरम भांडं उचलणं. दुधासाठी वेगळं बटण नाही, म्हणून तर ती कोणत्याही घरात चालते. आमच्या कॅलेंडरनेही फक्त महिना दाखवावा आणि निवडलेली तारीख परत द्यावी. कोणती तारीख चालेल, हे त्या-त्या पानाने ठरवावं.

गेले दोन वीकेंड मी तेच करत होतो. तेवीसचे पाच प्रॉप झाले. अपॉइंटमेंटचे नियम अपॉइंटमेंटच्या पानावर गेले, जन्मतारखेचे तिच्या. कोड आधीपेक्षा साठेक ओळींनी वाढला. डेमोत कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

आणि हो, कमिटच्या मेसेजमध्ये मूळ चूक कोणाची होती ते स्वच्छ लिहिलंय. त्या पोराला रिव्ह्यूला लावलं. त्याने तीन चुका काढल्या, तिन्ही बरोबर.

असो. सोमवारी हापिसात गेलात की तुमचा सर्वात 'रियूजेबल' कंपोनंट उघडा आणि प्रॉप मोजा. आकडा सांगायची लाज वाटली, तर समजा वेळ झालीये.