डब्यातला वास आणि दाण्यातली अळी

चैत्र-वैशाखात वर्षाचं धान्य भरायची वेळ आली की हल्ली एक सल्ला हमखास कानावर येतो. लवंगेच्या नाहीतर निलगिरीच्या तेलाचे चार थेंब कापसावर घाला, कापूस डब्यात टाका, टोके फिरकणार नाहीत. सल्ल्यामागचा हेतू निर्मळ आहे. धान्यातले किडे मारायला ठेवतात त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांतून निघणारा वायू माणसाचाही जीव घेतो. राहत्या घरात त्यांना जागाच नाही. पर्याय हवा, इथवर वाद नाही.

ही सगळी भाकडकथा आहे, असं म्हणणाऱ्यांच्या पंगतीलाही मी बसणार नाही. लवंगेतलं युजेनॉल, निलगिरीतलं सिनिओल, ओव्यातलं थायमॉल यांच्यापासून सोंडकिडे दूर पळतात, बंद बरणीत पुरेशी वाफ कोंडली तर मरतातही. प्रयोगशाळांत हे वारंवार दिसलं आहे. फक्त तिथली बरणी पुष्कळदा जवळजवळ रिकामी असते. तीच गव्हाने भरली की दाणेच वाफ शोषून घेतात आणि तेलाची मात्रा कितीतरी वाढवावी लागते. मग पोळीलाही लवंगेचा वास!

खरी गोम पुढेच आहे. किडा पळायचा तर त्याला पळायला वाट हवी. सोंडकिड्याची मादी दाणा कोरते, आत अंडं घालते आणि वरून भोक बुजवते. वरून धडधाकट दिसणाऱ्या गव्हात अळी बसूनच घरी येऊ शकते. झाकण लावून आपण तिला कोंडतो आणि वर वासाने हाकलतो. तिने जावं कुठे? शिवाय हे तेल उडून जाणारं. कापूस कोरडा पडतो, आणि उबदार हवेत किड्यांची पुढची पिढी महिन्या-सव्वा महिन्यात बाहेर येते.

‘मग तुरीला एरंडेल चोळतात ते?’ ते खरंच आहे, पण त्याची जातकुळी निराळी. कडधान्यातला भुंगेरा अंडी दाण्याच्या सालीवर चिकटवतो. पांढरे ठिपके दिसतात ते तेच. न उडणाऱ्या तेलाचा पातळ थर त्या अंड्यांचा श्वास कोंडतो. किलोला ५ मिलिलिटर शेंगदाणा तेल चोळलं तरी चवळीचं रक्षण होतं. त्यात सुवासाचा काही वाटा नाही.

आणि ‘नैसर्गिक’ म्हणजे निर्धोक, हे कुणी ठरवलं? वेखंडाचं तेल किड्यांवर जालीम आहे. त्यातल्या बीटा-ॲसरोनमुळे प्रयोगातल्या उंदरांना गाठी झाल्या, आणि अमेरिकेने १९६८ साली वेखंड अन्नात वापरायला बंदी घातली.

सुगंधी तेलं फेकून द्या, असं मी म्हणत नाही. रिकामा डबा, कोठीच्या फळ्या, भिंतीच्या फटी पुसायला ती जरूर घ्या. बाहेरून येणाऱ्या किड्याला तिथे अटकाव होतो. धान्याला मात्र आधी कडक ऊन दाखवा. ओलावा १२ टक्क्यांच्या खाली गेला, दाणा दाताखाली कट्कन तुटला, की गार करून घट्ट झाकणाच्या डब्यात काठोकाठ भरा. पटत नसेल तर न वाळवलेला थोडा गहू लवंगेच्या तेलाच्या बोळ्यासकट वेगळ्या काचेच्या बरणीत ठेवा, आणि आषाढात ती उजेडात धरून पाहा.