आराखड्याआधी पाणवठ्यावर जाऊ या

मुंबईची तहान भागविणारी तानसा आणि भातसा ही धरणे आपल्या शहापूर तालुक्यात आहेत. तानसाचे पाणी तर १८९२ पासून मुंबईला जात आहे. तरीही उन्हाळा तापू लागला की शहापूर-मुरबाडच्या कित्येक पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. पाऊस भरपूर पडतो. पण कातळात तो फारसा मुरत नाही आणि उतारावरून वाहून जातो, हे आपण भूगोलात शिकलो. मात्र नळयोजना होऊनही नळ कोरडे राहतात, याचे कारण केवळ भूगोलात सापडत नाही. माझ्या मते ते पुष्कळदा आराखड्यापूर्वीच्या एका चुकीत असते. ज्यांनी पाणी वापरायचे, त्यांना कोणी नीट विचारलेलेच नसते.

जलजीवन मिशन २०१९ मध्ये सुरू झाले. माणशी रोज ५५ लिटर, हे त्याचे माप. माप चांगले आहे. पण माप म्हणजे गरज नव्हे. गुरांना पाणी कोठून द्यायचे? पहाटे मजुरीला निघणाऱ्या बाईला दुपारी सुटणाऱ्या पाण्याचा काय उपयोग? उंचावरच्या शेवटच्या घराला दाब मिळेल काय? पंपाचे वीजबिल कोण भरणार? या प्रश्नांची उत्तरे नकाशात नसतात, ती माणसांजवळ असतात.

विचारण्यालाही वेळकाळ असतो. दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. जानेवारीत पाहणी झाली तर त्यांची घरे बंद दिसणार. बंद घराची नोंद ‘रिकामे’ अशी झाली, की त्या घराचा नळही हुकला. विचारण्याची रीतही महत्त्वाची. ‘पाणी पुरते का?’ असे परक्या माणसाने विचारले, तर संकोचाने ‘पुरते’ असेच उत्तर येते. ‘काल किती हंडे आणले, कोणी आणले, किती खेपा झाल्या?’ असे विचारले, तर खरे चित्र उभे राहते. पहाटे विहिरीवर तासभर बसले, तर त्याहूनही अधिक कळते.

हा धडा आपल्याला नवा नाही. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. कागदावर प्रश्न मिटला, तळ्याच्या काठी मात्र मिटला नव्हता. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी त्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा ठराव आणि वापर यांतील अंतर सर्वांना दिसले. पुढे १९२९ मध्ये, अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांच्या चौकशीसाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे सदस्य म्हणून ते स्वतः खानदेशात फिरले. त्याच दौऱ्यात चाळीसगावी टांग्यातून पडून त्यांचा पाय मोडला. केवळ कागद मागवून अहवाल लिहिता आला असता. त्यांनी तसे केले नाही.

यावर कोणी म्हणेल, की एवढे विचारत बसलो तर मुदत संपेल आणि निधी परत जाईल. ही अडचण खरी आहे. परंतु विचारण्यात आठ-पंधरा दिवस जातात, चुकीच्या जागी पुरलेली जलवाहिनी मात्र पिढीभर भोगावी लागते.

म्हणून माझी एक सूचना आहे. इयत्ता नववीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने मे महिन्याच्या सुट्टीत आपल्या पाड्याची ‘पाण्याची वही’ लिहावी. कोणती विहीर कधी आटते, किती खेपा होतात, त्या कोण करते, स्थलांतरित कुटुंबे किती, हे आठवडाभर नोंदवावे. आपले जे माजी विद्यार्थी अभियंते, शिक्षक वा ग्रामपंचायतीचे सदस्य आहेत, त्यांनी त्या वह्या तपासाव्यात आणि ग्रामसभेत वाचून दाखवाव्यात. काही चुकले असेल तर गावच दुरुस्त करील. गावाच्या पाणी समितीत निम्म्या स्त्रिया असणे अपेक्षित आहे; त्यांना केवळ सहीपुरते न बोलावता सर्वांत आधी बोलू द्यावे, अशी पालकांना विनंती आहे.

डोक्यावरच्या हंड्याचे वजन वाहणारीलाच ठाऊक असते. तिला विचारल्याशिवाय कागदावर रेघ ओढायची नाही, एवढा नियम आपण पाळला तरी या शाळेने दिलेल्या शिक्षणाचे चीज होईल.